शेळी दिली, चराई कोण देणार?





येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या चार गावांत आणि दोन बेड्यांवर एक ठराव मांडला जाणार आहे. एक संस्था आपल्याकडं काम करायला येऊ पाहते. प्रकल्प तीन वर्षांचा. नाव लांबलचक, त्यात ‘आदिवासी’, ‘शाश्वत’ आणि ‘दारिद्र्य निर्मूलन’ हे तिन्ही शब्द बसवले आहेत. शेळ्या, शिलाई मशीन, परसबाग, बचत गटाला भांडवल, असं सारं त्यात लिहिलं आहे. संस्थेला ग्रामसभेचा ठराव पाहिजे, सहीशिक्क्यानिशी. गावोगावची माणसं चांदूर रेल्वेच्या बाजारात भेटली की आम्हाला विचारून राहिली, “काहो, सही करायची का नाही?” म्हणून हा अंक त्याच गोष्टीवर काढला.

पहिलं हे सांगून टाकतो की संस्था म्हटली की तोंड फिरवायचं, असं आमचं नाही. आपल्या चळवळीतले काही जुने साथी तसे आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ते आम्हाला पटत नाही. १९९३ साली मेळघाटातल्या कोवळ्या लेकरांचे मृत्यू पेपरात आले, सारा महाराष्ट्र हळहळला, आणि त्यानंतर मेळघाटात संस्थांची रांग लागली. त्यातल्या काही फोटोपुरत्या होत्या. पण बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे त्याच्या आधीपासून दवाखाना चालवत होते आणि अजून चालवतात. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लेकराची छाती भरून आली की त्या रात्री घोषणा कामाला येत नाही, डॉक्टर कामाला येतो. हे मान्य केल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

आता शेळीचं ऐका.

मागच्या वर्षी आपल्याच भागातल्या एका बेड्यावर दुसऱ्या एका संस्थेनं घरटी दोन शेळ्या वाटल्या. बॅनर लागला, फोटो निघाले, शेळीच्या कानात बिल्ला मारला. शेळ्या चांगल्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण शेळीला चारा लागतो. बेड्यावर कोणाच्या नावानं वावर नाही. जवळची ई-क्लास जमीन होती, ती बरीचशी बड्या कास्तकारांनी वाहून घेतली. मग शेळी जाणार कुठं? जंगलात. जंगलात गेली की गार्ड धरणार, दंड लावणार. पहिला दंड मजुरीतून भरला. दुसऱ्या दंडासाठी एक शेळी विकली. दिवाळीपर्यंत कितीक घरांत शेळी नव्हती, पावत्या होत्या. तिथली एक म्हातारी आम्हाला म्हणाली, “शेळी त देल्ली बाप्पा, पण तिले चारू कुठी? जंगल कोनाचं हाय?”

त्या संस्थेच्या अहवालात मात्र लिहिलं असेल की एवढ्या कुटुंबांना उपजीविका मिळाली. तेही खोटं नाही. मिळालीच होती, दोन-चार महिने.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच प्रकल्पात नसतं, कारण प्रकल्प सुरूच होतो ‘हे लोक गरीब आहेत’ इथून. गरीब काहून आहेत, हे कोणी विचारत नाही. आळशी आहेत, अडाणी आहेत, दारू पितात, लेकरं लय आहेत, असं धरूनच चालतात. मग प्रशिक्षण देतात, जागृती करतात. आम्ही बारावीपर्यंत शिकलेल्या पोरापोरींनी अशी कितीतरी प्रशिक्षणं केली. चहा, पोहे, फाईल, पेन. बचतीचं महत्त्व शिकवतात. ज्याच्या हातात उन्हाळ्यात काहीच पडत नाही त्यानं काय वाचवायचं, ते कोणी शिकवत नाही.

गरिबी आभाळातून पडली नाही. फासेपारध्याचंच पाहा. तितर, लावे धरण्याची विद्या त्याच्या हातात होती, जंगलाची कोणती पाऊलवाट कोणत्या पाण्यावर जाते हे त्याला ठाऊक होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पारधीही पुढं त्याच यादीत गेला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो शिक्का कागदावरून पुसला. पोलिसाच्या मनातून अजून पुसला नाही. मग १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला, शिकार बंद झाली. वाघ-हरणं वाचली पाहिजेत, याला आमची ना नाही. पण शिकार बंद करताना त्या माणसानं उद्यापासून काय खावं, ते त्या कायद्यात कुठंच लिहिलं नव्हतं. गोंडाचं आणि कोरकूचंही तेच. मोह, चारोळी, डिंक, तेंदूपत्ता सारं जंगलात होतं आणि आपण जंगलात होतो. जंगल सरकारी झालं आणि आपण आपल्याच घरात अतिक्रमणवाले झालो. पूर्व विदर्भात याला ‘जबरान जोत’ म्हणतात. आपल्या बापाच्या वावरात नांगर धरला तर ती जबरी!

तेंदूपत्त्याचा हिशेब तर शाळेतल्या लेकरालाही कळेल. १९६९ साली राज्यानं कायदा केला, तेव्हापासून पत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती. उन्हाळ्यात पहाटे उठून आपली माय पत्ता तोडते, दुपारी सत्तर पानांचं एक पुडकं बांधते. हजार पुडक्यांची एक गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पानं. तिला मिळते फक्त तोडणीची मजुरी. लिलाव कोणी केला, ठेकेदारानं गोणीमागं किती दिले, बोनस कधी येणार, यातलं काही तिला विचारत नव्हते. झाड आपल्या शिवारात, हात आपले, अन् भाव ठरवणारा नागपुरात किंवा मुंबईत. मग त्याच मायला कोणीतरी येऊन ‘उद्योजकता विकास’ शिकवते.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं कोरकूंचं गाव आहे. तिथल्या गाववाल्यांना २०१२ साली वनहक्क कायद्याखाली १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आधी तो डोंगर उजाड होता, माणसं मजुरीला बाहेर जात. गावानं राखण केली, रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली. डोंगरात सीताफळं होती, ती आधी व्यापारी सांगेल त्या भावानं जात. मग ग्रामसभेनं स्वतः गोळा करून, निवडून, खोक्यात भरून विकायला सुरुवात केली. ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं ती सीताफळं थेट मुंबईपर्यंत गेली. शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर आणि नायाखेडा या गावांनीही तीच वाट धरली. २०१४ साली पायविहीरला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आणि इथंही एक संस्था होती. ‘खोज’ तिचं नाव, परतवाडा-मेळघाट भागात तिनं बरीच वर्षं काम केलं आहे. दावा कसा भरायचा, पुरावे कोणते, नकाशा कसा काढायचा, जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा कसा लिहायचा, बाजार कुठं आहे, यात संस्थेची माणसं गावासोबत राहिली. पण हक्काच्या कागदावर नाव ग्रामसभेचं आहे. उद्या संस्था उठून गेली तरी १९३ हेक्टर तिच्यासोबत जात नाही. आम्हाला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. शेळी वाटणाऱ्या संस्थेतली माणसं वाईट होती आणि पायविहीरची चांगली होती, असं नाही. एकीनं जनावर दिलं, दुसरी चराईच्या हक्कासाठी गावासोबत उभी राहिली.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. देवाजी तोफा तिथलेच. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल त्या गावासोबत कितीतरी वर्षं राहिले, पण त्यांनी तिथं शेळीही वाटली नाही अन् मशीनही वाटली नाही. गावात अभ्यासगट चालवला. माणसं बसायची, कायदा वाचायची, भांडायची, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायची नाहीत. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०९ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात पडला. म्हणजे कागद मिळाल्यावरही लढावं लागलंच. २०१२ साली नियम बदलले, आता वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देऊ शकते. साहेब नाही म्हणाला तर त्याला नियम दाखवा.

पुढं २०१३ साली गोंदिया-गडचिरोलीच्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकला. मजुरीही त्यांची, रॉयल्टीही त्यांची. यात सगळं गोड नाही, तेही सांगतो. बाजार पडला त्या साली काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. करार नीट नसला, आगाऊ रक्कम घेतली नसली, की ग्रामसभाही फसते. इथं हिशेब जाणणारं, करार वाचणारं माणूस लागते. अशा ठिकाणी संस्था खरी कामाची. आपल्या संघटनेकडं मोर्चा काढायला हजार माणसं आहेत, पण ग्रामसभेचं पॅन कार्ड काढून, वर्षाचं ऑडिट करून देणारं एकही माणूस नाही. असं माणूस संस्थेनं दिलं तर आम्ही त्याच्या जेवणाची सोय घरोघर करू.

आपल्याकडं एक गोष्ट साहेब लोक नेहमी सांगतात : “तुमच्याकडं पेसा नाही.” बरोबर आहे. अमरावती जिल्ह्यात पेसा आहे तो धारणी-चिखलदऱ्यात. चांदूर रेल्वे, नांदगाव, तिवसा, धामणगाव यात नाही. पण वनहक्क कायदा २००६ हा साऱ्या देशात आहे, त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा वैयक्तिक हक्क आहे, पट्टा नवराबायकोच्या दोघांच्या नावानं होतो. आणि त्याच कायद्यात गावाला चराईचा, गौण वनउपजाचा, जंगल राखण्याचा सामूहिक हक्क आहे. गाव म्हणजे फक्त महसुली गाव नाही. जुनी वस्ती, तिची सरकारदरबारी नोंद असो नसो, तीही गाव. बेड्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं. गट ग्रामपंचायतीच्या मोठ्या गावात जाऊन मागं उभं राहायची गरज नाही.

कागद नसला की काय होते ते २०१९ च्या फेब्रुवारीत सगळ्यांनी पाहिलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की ज्यांचे दावे नाकारले त्यांना हटवा. देशभर हाहाकार झाला, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे सुटका नव्हे. डोक्यावरची कुऱ्हाड फक्त थांबली आहे.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं मंगरूळ चव्हाळा आपल्या शेजारचंच. तिथं मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्याच शिक्षकानं जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ साली पारध्यांच्या भीक मागणाऱ्या लेकरांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. बाहेरच्या कोणी येऊन केलेलं काम नाही हे, आपल्यातल्या माणसानं, दारोदार मदत मागून केलेलं. मग समृद्धी महामार्ग आला आणि २०१९ साली शाळेच्या आवारातलं बांधकाम त्यात गेलं. लेकरं रस्त्यावरून उचलून शाळेत आणली होती, आता रस्ताच शाळेत आला. पायाखालची जमीन पक्की नसली की चांगल्यात चांगलं कामही असं एका दिवसात उघड्यावर येते. आम्ही जमिनीचं तुणतुणं एवढं वाजवतो ते यासाठीच.

तर मग सही करायची का?

आमचं मत असं की करावी, पण कोऱ्या कागदावर नाही आणि त्यांनी टाईप करून आणलेल्या कागदावर तर नाहीच. ठराव ग्रामसभेनं स्वतः लिहावा. त्यात पहिलं हे यावं की प्रकल्पाच्या पहिल्या वर्षात संस्था गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याला मदत करील. मोजणीचं यंत्र आणील, नकाशा काढून देईल, जुन्या नोंदी काढून आणील. शेळ्या त्यानंतर. संस्था म्हणेल की आमच्या प्रकल्पात हे बसत नाही, वरून मंजूर नाही. त्यांना शांतपणे विचारा, चराईशिवाय शेळी तुमच्या कोणत्या रकान्यात बसते?

दुसरं, पैशाचं. आपल्या गावाच्या नावानं एकूण किती मंजूर झाले, त्यातले अमरावतीच्या ऑफिसात, गाडीत, पगारात किती आणि गावात किती, हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं. यात अपमान कोणाचा नाही. आपला सरपंच खर्च सांगतो, रेशनवाला पाटी लावतो, मग यांनी काहून सांगू नये? गावातली पोरगी ‘प्रेरिका’ म्हणून नेमली तर तिला मानधन आणि शहरातल्याला पगार, हा फरक कशासाठी तेही विचारावं. चालते तीच जास्त.

विहीर, मशीन, गोदाम जे काही होईल ते ग्रामसभेच्या किंवा गटाच्या नावानं, खातंही ग्रामसभेचं, सह्या गावातल्या दोघांच्या आणि त्यात एक बाई. आणि सीताफळ, मोह, पत्ता, डिंक कोणाला विकायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही करारात संस्थेकडं जाऊ देऊ नका. आज ठेकेदाराच्या जागी संस्था बसली आणि भाव तिनंच ठरवला, तर आपल्यासाठी बदललं काय? फक्त बोर्ड.

हे सारं मान्य असेल तर संस्थेचं स्वागत आहे, बसायला सतरंजी टाकू. मान्य नसेल तर शेळ्या घेऊन दुसऱ्या गावी जातील, जाऊ द्या. काही घरांना हे कडू वाटेल, ठाऊक आहे. दोन शेळ्या म्हणजे एका घराला लेकीच्या लग्नाचा आधार असतो. त्या घरांना आम्ही नावं ठेवणार नाही. पण त्यांनी त्या म्हातारीला एकदा भेटून यावं.

ठरावाच्या आधी दाव्याची तयारी. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची असते, त्यात तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. नुसती नावं नको, बोलणाऱ्या पाहिजेत. वनहक्काच्या ग्रामसभेला गावाच्या निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान तिसरा हिस्सा बाया. रजिस्टरवर मागाहून घरी अंगठे फिरवून आणले की तो दावा वर जाऊन आपटतो. पुरावे निदान दोन प्रकारचे लागतात. म्हाताऱ्या माणसांचा जबाब हाही पुरावा आहे, साहेब नाही म्हणाले तरी आहे. चराईची, निस्ताराची जुनी नोंद, दंडाची जुनी पावती, जुनी विहीर, देवाचं ठाणं, मसणवट, मोहाची वाटून घेतलेली झाडं, सगळं लिहून काढा. ज्या पावत्यांना आपण रडतो त्याच पावत्या कामाला येतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथंच चराईचा दंड झाला होता, म्हणजे आपण इथंच चारत होतो की नाही?

ज्यांचे दावे उपविभागीय समितीनं नाकारले त्यांनी घाबरून घरी बसू नये. नाकारल्याचं कारण लेखी द्यावं लागते आणि ते मिळाल्यापासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येते. आणि दाव्याची चौकशी पूर्ण होत नाही तोवर कोणाला वावरातून हटवता येत नाही, हे कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. गार्ड आला तर त्याच्याशी भांडू नका, कागद दाखवा, आणि त्याचं नाव-तारीख वहीत लिहा.

२६ तारखेच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी दुपारी चांदूर रेल्वेला एसडीओ ऑफिससमोरच्या झाडाखाली बसू. येताना प्रत्येक गावानं आणि बेड्यानं दंडाच्या पावत्या, नाकारल्याची पत्रं, जुने सातबारे, असतील तेवढे कागद पिशवीत घालून आणा. फाटके असले तरी आणा. संस्थेनं दिलेला ठरावाचा नमुनाही आणा, तो सगळ्यांसमोर वाचू. आणि प्रत्येक गावातून एक तरी म्हातारं माणूस सोबत घ्या, ज्याला जंगलाची जुनी शीव चालून दाखवता येते. भाकर आपापली. चहाचं संघटना पाहील.